भिंतीवरचं बटण आधी आईच्या हाती द्या

पत्र:

नमस्कार. मी दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो. बी.एस्सी. कॉम्प्युटर झालंय, तालुक्याच्या गावी एका ऑनलाइन कामाच्या सेंटरवर बसतो. घरी कोरडवाहू शेती आणि विहिरीवरची दीड एकर ओलिताची. लहानपणापासून मशीन उघडून बघायचा नाद आहे. घरात बरंच काही केलं. दिवे-पंखे मोबाईलवर घेतले, टाकीला सेन्सर लावून मोटर आपोआप बंद होईल असं केलं, कूलरमध्ये पाणी आपोआप भरतं, जुन्या डेस्कटॉपवर लिनक्स टाकून घरचा सर्व्हर केला, ओसरीत कॅमेरा बसवला. सगळं ईएसपी८२६६ या वायफायच्या लहान चिपच्या बोर्डांवर, कोड माझाच.

चालतं तेव्हा मस्त चालतं. पण रात्री लाईन आली की दोन खोल्यांचे दिवे एकदम लागतात. नेट नसलं की काहीच लागत नाही. मागच्या आठवड्यात मी तालुक्याला होतो आणि आई संध्याकाळभर अंधारात बसून राहिली, कारण जुनी बटणं मी काढून टाकली आहेत. बाबा म्हणतात, "तुह्या डबड्यांपायी घरात लाईट लावाची पंचाईत झाली." बायको काही बोलत नाही, पण हल्ली ओसरीत बसत नाही. आता मला विहिरीवरची पाच एचपीची थ्री फेज मोटर मोबाईलवर घ्यायची आहे, म्हणजे बाबांची रात्रीची चक्कर वाचेल. बाबांचं म्हणणं, "मोटरले हात लावशीन तं पाह्य." हा नाद सोडावा की पुढे जावं?

— एक वाचक, यवतमाळ जिल्हा

उत्तर:

भाऊ, नाद सोडू नका. पण बाबांची समजूत कशी घालायची हे मला विचारू नका. घरापुरतं तेच बरोबर बोलतायत.

तुमच्या पत्रातलं सगळ्यात वजनदार वाक्य तुम्ही जाता जाता लिहून गेलात: जुनी बटणं काढून टाकली. बिघाड तिथेच आहे. जिथे लाईनचा भरवसा नाही तिथे घरातला दिवा लावायला घरातलं कुणीही पुरलं पाहिजे. आई, शेजारची पोरगी, मुक्कामाला आलेला मामा, कुणीही. त्यासाठी तुमचा मोबाईल, तुमचा पासवर्ड आणि तुम्ही स्वतः लागत असाल, तर ती सोय फक्त तुमची झाली. आणि गंमत अशी की यावरचा उपाय तुमच्याच डबीत पडलेला आहे.

जिन्याच्या दिव्याला खाली एक आणि वर एक बटण असतं, कुठूनही लावा, कुठूनही बंद करा. ते टू-वे बटण. आता तुमच्या निळ्या रिलेकडे बघा. त्याला तीन स्क्रू आहेत: कॉमन, नॉर्मली ओपन, नॉर्मली क्लोज्ड. म्हणजे रिले हेही टू-वे बटणच आहे, फक्त ते बोटाऐवजी बोर्ड दाबतो. भिंतीवर साधं टू-वे बटण परत बसवा. फेज त्याच्या मधल्या स्क्रूवर द्या, त्याची बाकीची दोन टोकं रिलेच्या नॉर्मली ओपन आणि नॉर्मली क्लोज्डला जोडा, आणि रिलेच्या कॉमनवरून वायर दिव्याकडे न्या. एक जादा वायर ओढावी लागेल, तेवढंच. मग बोर्ड जळू दे, वायफाय मरू दे, रिलेची कॉइल जाऊ दे. रिले नॉर्मली क्लोज्डवर बसून राहतो आणि आई बटण वर-खाली करून दिवा लावते. यात एक तोटा आहे: दिवा खरंच लागलाय का, हे बोर्डाला कळत नाही. मोबाईलवर 'चालू' दिसेल आणि खोलीत अंधार असेल. ते सहन होत नसेल तर दिव्याच्या वायरीवरून ऑप्टोकपलरच्या (मोठा व्होल्टेज दूर ठेवून फक्त इशारा पोचवणाऱ्या) लहान मॉड्यूलने बोर्डाला खबर देता येते. मी मात्र मोबाईलवर 'चालू' आणि 'बंद' अशी दोन बटणं ठेवण्याऐवजी 'बदला' असं एकच ठेवलं असतं. घर आहे, विमानतळ नाही.

नेट गेल्यावर सगळं का अडतं, त्याची कारणं दोन. हौशी माणसाच्या कोडमध्ये सुरुवातीलाच वायफाय मिळेपर्यंत थांबणारा लूप असतो, कारण शिकताना सगळे नमुने तसेच मिळतात. लाईन आल्यावर राउटरला उभं राहायला मिनिट-दोन मिनिटं लागतात. तोवर बोर्ड त्या लूपमध्ये अडकून असतो आणि कुणाचंच ऐकत नाही. तो लूप काढा. आधी रिले आणि बटणं जागेवर आली पाहिजेत, वायफाय मागून जोडलं जाऊ दे. दुसरं कारण म्हणजे तुमचा हुकूम क्लाउडमार्गे जात असणार. माजघरातला दिवा लावायला संदेश परदेशातल्या सर्व्हरवर जाऊन परत यायचा, हा कारभार खेड्यातल्या नेटवर टिकत नाही. सर्व्हर घरात आहेच, त्यावर मॉस्किटो नावाचा एमक्यूटीटी ब्रोकर टाका, म्हणजे बोर्डांचे संदेश घरातल्या घरात इकडून तिकडे पोचवणारा प्रोग्राम. एमक्यूटीटी ही पद्धत १९९९ मध्ये तेलाच्या पाइपलाइनींवर लक्ष ठेवायला निघाली, उपग्रहाच्या महागड्या आणि तुटक जोडणीवरून थोडक्यात संदेश जावेत म्हणून. आपल्या गावच्या नेटला ती साजेशी आहे. नेट गेलं तरी राउटर इन्व्हर्टरवर असला की घरातल्या घरात सगळं चालतं.

मध्यरात्री लाईन आल्यावर दिवे लागतात त्याला भूत कारण नाही, पिना कारण आहेत. तुमचा ईएसपी८२६६ नोडएमसीयू नावाच्या बोर्डावर असेल तर त्यावरच्या डी३, डी४ आणि डी८ या पिना चालू होताना चिप स्वतःच्या कामाला वापरते, तेवढ्यात रिले टिकटिकतो. रिले डी१, डी२ वर घ्या. शिवाय बाजारात मिळणारे बरेच रिले बोर्ड उलटे असतात, पिन खाली गेली की ते चालू होतात. म्हणून कोडमध्ये आधी 'बंद'ची पातळी लिहा आणि मग ती पिन आउटपुट करा. हा क्रम चुकला की घर मध्यरात्री जागं होतं.

टाकीचं पटकन सांगतो. एचसी-एसआर०४ हा आवाजाच्या लहरींनी अंतर मोजणारा सेन्सर टाकीत लावला असेल तर वाफ धरून तो आज ना उद्या खोटं बोलायला लागेल. उन्हाळ्यात आवाजाचा वेगही वाढतो, पण त्याची चूक मीटरला चार-पाच सेंटीमीटरची, ती चालून जाते. वाफेची चूक चालत नाही. सेन्सर पातळी दाखवायला राहू दे, मोटर बंद करायचा निर्णय पाण्यावर तरंगणाऱ्या साध्या फ्लोट स्विचवर सोपवा. आणि एक एचपीची मोटर थेट निळ्या रिलेवर असेल तर ती आजच काढा. रिलेवर १० ॲम्पिअर लिहिलेलं असतं, पण मोटर सुरू होताना चालण्याच्या कितीतरी पट करंट ओढते. रिलेचे काटे एक दिवस चिकटतात आणि मग कोडमध्ये तुम्ही काहीही लिहा, मोटर थांबत नाही. रिलेने कॉन्टॅक्टरची, म्हणजे मोटरसाठीच्या दणकट रिलेची, कॉइल चालवायची, मोटर कॉन्टॅक्टरने चालवायची.

आता कूलर. इथे मी जरा थांबणार आहे.

विदर्भात कूलरचा शॉक लागून माणूस गेल्याची बातमी दर उन्हाळ्यात येते. अनेकदा पाणी भरताना, नाही तर चालू कूलरचं गवत सारखं करताना. पत्र्याची बॉडी, आत पाणी, खाली ओली फरशी, पाय अनवाणी, आणि पंपाची वायर दोन-चार उन्हाळे खाऊन तडकलेली. त्यातून प्लग दोन पिनांचा, म्हणजे बॉडीला अर्थिंग नाही. तुमच्या यंत्रामुळे एक गोष्ट चांगली झाली: पाणी भरायला कुणाला कूलरजवळ जावं लागत नाही. पण त्याच बॉडीत तुम्ही २३० व्होल्टचं आणखी एक सर्किट नेऊन ठेवलं असेल तर एका हाताने दिलं आणि दुसऱ्या हाताने घेतलं.

खरं सांगू का, इथे कॉम्प्युटरची गरजच नाही. टाकीवरून आलेल्या नळीला बॉलकॉक लावा. पाणी खाली गेलं की गोळा खाली, तोटी उघडली. पाणी चढलं की बंद. त्याला लाईन लागत नाही, कोड लागत नाही, अपडेट तर नाहीच नाही. बोर्डाची हौस असेल तर पंप थांबून-थांबून चालवायला वापरा, गवत ओलं राहील इतपत, पाणी कमी लागेल. तो बोर्ड आणि रिले कूलरच्या बाहेर, भिंतीवर, बंद डबीत. डबी खरोखर बंद हवी, कारण आपल्याकडच्या स्विचबोर्डात पाली अंडी घालतात आणि एखादी दोन स्क्रूंच्या मधोमध मरून पडली की पुढचं सांगायला नको.

मुख्य काम याच्या आधीचं आहे. घराच्या बोर्डात ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी आहे का बघा. एमसीबी असणं पुरेसं नाही. एमसीबी वायर वाचवतो, माणूस वाचवत नाही. तो पडायला कित्येक ॲम्पिअर लागतात आणि माणसाचा जीव जायला पन्नास-शंभर मिलिॲम्पिअरही पुरतात. आरसीसीबी फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परत आलेला करंट ताडून बघतो. मध्ये कुठे माणसातून जमिनीत गळाला की पापणी लवायच्या आत तोडतो. त्यावर टेस्टचं बटण असतं, महिन्यातून एकदा दाबायचं. इन्व्हर्टरचा न्यूट्रल घरच्या न्यूट्रलमध्ये मिसळला असेल तर तो उगाच पडत राहील, मग लोक वैतागून तो काढूनच टाकतात. तसं करू नका, न्यूट्रल वेगळे करून घ्या. अर्थिंगचंही बघा. आपली काळी जमीन मे महिन्यात भेगाळते, पाइपाभोवतीची माती सुटते आणि अर्थिंग नावापुरती उरते. उन्हाळाभर त्या खड्ड्यात पाणी ओतत राहायचं. ही कामं झाल्याशिवाय नवा बोर्ड घेऊ नका. पार्सल आलं की बाबांच्या कपाळाला आठी पडत असेल, तर यंदाचं पार्सल आरसीसीबीचं असू द्या.

ओसरीतल्या कॅमेऱ्यावर मी जास्त बोलत नाही. बायको काही बोलत नाही असं तुम्ही लिहिता, पण ओसरी सोडून तिने सांगितलेलंच आहे. कॅमेरा फाटकाकडे वळवा, आणि रेकॉर्डिंग कोण बघतं, किती दिवस राहतं हे तिला दाखवा. न विचारता बसवला होता ना?

सर्व्हर ठेवा, डेस्कटॉप मात्र काढा. जुना डेस्कटॉप ८० वॅट धरला तरी चोवीस तासांत जवळपास दोन युनिट होतात, महिन्याला पंचावन्न-साठ. तेवढ्याने घरचं बिल शंभर युनिटच्या वरच्या महागड्या टप्प्यात जाऊ शकतं आणि बाबांना बोलायला आणखी एक जागा मिळते. त्याऐवजी एखादा जुना लॅपटॉप शोधा. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ पासून थांबले आहेत, त्यामुळे चांगले चालणारे लॅपटॉप लोक टाकून देतायत. डेबियन लिनक्स टाकला की तो पंधरा-वीस वॅटमध्ये भागवतो, आणि लाईन गेली तर त्याची स्वतःची बॅटरी असते. बॅटरी फुगलेली नसावी, एवढं बघून घ्या. सेंटरवर येणाऱ्या लोकांचे आधार, सातबारे त्या सर्व्हरवर 'बॅकअप' म्हणून ठेवले असतील तर पुसून टाका. ते कागद तुमचे नाहीत.

आता विहिरीवरची मोटर.

बाबांची रात्रीची चक्कर वाचवायची, हा विचार सोन्यासारखा आहे. शेतीच्या फीडरला थ्री फेज पाळीने मिळते, पाळी रात्रीची असली की बांधावरून काळोखात जायचं, पायाखाली काय येईल सांगता येत नाही. पण 'चक्कर वाचवणं' आणि 'मोटर मोबाईलवर घेणं' ही दोन वेगळी कामं आहेत, आणि पहिलं दुसऱ्यापेक्षा खूप सोपं आहे. बाबांच्या अर्ध्या चकरा मोटर चालू करायला नसतात. लाईन आली का, मोटर चालू आहे का, विहिरीनं पाणी सोडलं का, एवढं बघायला असतात. ते सांगणारं यंत्र स्टार्टरच्या एकाही स्क्रूला हात न लावता करता येतं.

एससीटी-०१३ नावाचे चिमट्यासारखे करंट सेन्सर मिळतात. मेन बंद असताना ते वायरीभोवती नुसते बसवायचे, वायर कापायची नाही, सोलायची नाही. तीन फेजना तीन. ३० ॲम्पिअरचे घ्या. पाच एचपीची मोटर भरल्या पाण्यावर प्रत्येक फेजला साधारण सात-साडेसात ॲम्पिअर घेते. तिन्हींत सारखा आकडा म्हणजे सगळं ठीक. विहीर आटली की मोटर हलकी पडते आणि आकडा उतरतो. एका फेजला शून्य आणि बाकीच्या दोन वर चढले, म्हणजे सिंगल फेजिंग, काही वेळात वाइंडिंग जळणार. तुमच्या मोटरचा भरल्या पाण्यावरचा आकडा घेऊन पेटीच्या झाकणाला आतून खडूने लिहून ठेवा, पुढे सगळं त्याच्याशी ताडायचं. बोर्डाला लहान सोलर पॅनल आणि बॅटरी द्या, म्हणजे लाईन नसतानाही तो जागा राहील. मोटर बंद असताना करंटच नसतो, म्हणून लाईन आल्याचं या सेन्सरना कळत नाही; तेवढ्यासाठी मेनच्या बाजूला व्होल्टेज बघणारं मॉड्यूल वायरमनकडून वेगळं बसवून घ्या. सिमचं मॉड्यूल घेताना एक बघा: स्वस्तात मिळणारं सिम८००एल फक्त टूजीवर चालतं, जिओचं कार्ड त्यात चालत नाही. आणि संदेश पाठवताना ते क्षणभर दोन ॲम्पिअरपर्यंत करंट मागतं. बारक्या बॅटरीवर ते सारखं बंद-चालू होत राहतं आणि आपण मात्र कोडमध्ये चूक शोधत बसतो.

एक हंगाम एवढंच चालू द्या. बाबांच्या मोबाईलवर मराठीत संदेश: लाईन आली. मोटर चालू. पाणी कमी. बटण त्यांच्या हाती, खबर तुमची. मिरगाच्या गडगडाटात त्या पेटीचं काय होतं, सेन्सर कुठे खोटं बोलतो, टॉवरची रेंज कधी जाते, हे सगळं मोटर न जाळता कळेल. विजेचा अंदाज बघायला पुण्याच्या आयआयटीएमचं 'दामिनी' ॲप बाबांच्या मोबाईलवर टाकून द्या, ते शेतात असताना तुमच्या सगळ्या बोर्डांपेक्षा जास्त कामाचं आहे.

त्यानंतरही मोटर चालू-बंद करायची असेल तर तीन गोष्टी. तुमच्या डीओएल (मोटर थेट लाईनवर सुरू करणाऱ्या) स्टार्टरची कॉइल बहुधा ४१५ व्होल्टची असेल, दोन फेजमध्ये जोडलेली, कारण शेतात न्यूट्रलचा भरवसा नसतो. निळा रिले २५० व्होल्टपर्यंतचाच. तो तिथे लावलात तर बाबांचं भाकीत खरं होईल. या कामाला बाजारात तयार मोबाईल ऑटो मिळतात, ४१५ व्होल्टसाठीच बनवलेले. तोच घ्या. स्वतःच्या हाताने केलं नाही म्हणून कमीपणा मानू नका.

दुसरं, लाईन आल्याबरोबर मोटर आपोआप सुरू होईल असं काहीही लावू नका. स्टार्टरचं हिरवं बटण सोडल्यावर कॉन्टॅक्टर स्वतःला धरून ठेवतो आणि लाईन गेली की सुटतो. तो मुद्दाम तसा केलेला आहे. लाईन येताच सगळ्या शिवारातल्या मोटरी एका क्षणी उठल्या की डीपीवर, म्हणजे शिवारातल्या ट्रान्सफॉर्मरवर, सगळ्यांच्या सुरुवातीच्या करंटचा बोजा एकदम पडतो. ऑटोस्विच काढा असं महावितरण वारंवार सांगतं ते याचसाठी. डीपी जळाली की आठ-आठ दिवस अख्ख्या शिवाराचा गहू-हरभरा तहानलेला राहतो आणि गाव तुमच्या नावाने बोटं मोडतं.

तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. तुम्ही दारव्ह्यात बसून मोटर चालू कराल तेव्हा विहिरीत कुणी उतरलेलं असेल तर? फूटव्हॉल्व्हचा कचरा काढायला गडी उतरलाय, बाबा पाइपाची क्लिप आवळतायत, आणि तुमच्या स्क्रीनवर यातलं काहीच दिसत नाही. म्हणून स्टार्टरच्या पेटीवर तीन जागांचं फिरवायचं बटण बसवून घ्या: हाताने, बंद, मोबाईल. 'बंद'वर असलं की मोबाईलवरून काहीही केलं तरी मोटर उठता कामा नये, आणि हे कोडने नाही, वायरिंगने झालं पाहिजे. विहिरीकडे जाणाऱ्याने आधी ते बटण फिरवायचं, मग पुढे जायचं, हा घरचा नियम. नियम बाबांनाच करू द्या, गड्यांना तेच सांगतील.

हे काम लायसन असलेल्या वायरमनकडून करून घ्या, तुम्ही शेजारी उभं राहून बघा. पेटी उघडायच्या आधी मेन खाली ओढायचा आणि तिन्ही किटकॅट फ्यूज काढून बाबांच्या खिशात द्यायचे.